आधी खालच्यांचं छत, कंत्राटदाराचं नंतर बघू

आमच्या बाथरूमचं काम चालू होतं, तिसरा दिवस, हॅमर मशीनच्या आवाजाने डोकं उठलेलं, आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. या काकू तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत, वीस वर्षांत एकदा आल्या असतील ते पण गणपतीच्या वर्गणीचा हिशोब चुकला म्हणून. "अरे, तुमच्याकडे काम चाललंय ना, आमच्या संडासात वरून पाणी येतंय, जरा बघतोस का?" खाली गेलो तर चांगली धार लागलेली, पीओपीचा मोठा तुकडा वॉशिंग मशीनवर पडून झाकण फुटलेलं, आणि काकूंनी खाली बादल्या लावून ठेवल्या होत्या, तीन. म्हणजे त्या लगेच आल्या नव्हत्या, दुसरी बादली भरेपर्यंत वाट बघितली होती बिचारीने.

दोन दिवसांनी संडासाला लागून असलेली बेडरूमची भिंत ओली झाली आणि तिथलं प्लायचं कपाट खालून फुगलं.

कंत्राटदाराला फोन केला तर तो आला, छताकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय तर "साहेब, ये पहले से था." ही लाईन यांना शिकवतात की काय कोण जाणे, कारण नंतर ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने हेच वाक्य ऐकलेलं होतं. मग कडिया, म्हणजे गवंडी, म्हणाला प्लंबरने जॉइंट सैल ठेवला, प्लंबर म्हणाला कडियाने ब्रेकर मारताना नाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा पाणी वाहून नेणारा भाग) हलवला, आणि तो बिगारी पोरगा ज्याने खरोखर मशीन धरलं होतं तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. कंत्राटदाराने स्वतः यातलं एकही काम केलेलं नव्हतं, त्याने फक्त माणसं पाठवली होती.

आता माझ्याबद्दल. मी काकूंना काय म्हणालो? "काकू, मी कंत्राटदाराशी बोलतो." आणि हे वाक्य मी पुढचे तीन आठवडे म्हणत राहिलो, लिफ्टमध्ये, जिन्यात, दूध आणायला जाताना. मला तेव्हा वाटायचं की मी जबाबदारीने वागतोय, बघा मी फोन करतोय, मी भांडतोय तुमच्यासाठी. त्या तीन आठवड्यांत काकू शेजारच्यांच्या बाथरूममध्ये आंघोळीला जात होत्या हे मला नंतर कळलं, त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्यांनी सांगितलं.

तर या लेखात मला एवढंच म्हणायचंय की ते वाक्यच चुकीचं आहे. काम तुम्ही काढलं, माणूस तुम्ही आणला, पैसे तुम्ही देताय, चकाचक बाथरूम तुम्हाला मिळणार, मग खालच्याचं नुकसान तुम्ही आधी तुमच्या खिशातून भरून द्यायचं आणि कंत्राटदाराशी काय भांडायचं ते नंतर, तुमच्या वेळेत, तुमच्या खर्चाने भांडायचं. खालच्या माणसाला त्या भांडणाच्या रांगेत उभं करायचं नाही. आणि हे चांगुलपणावर सोडून चालणार नाही, सोसायटीचा नियम पाहिजे तसा.

लोक म्हणतील, का बाबा, चूक कंत्राटदाराची आणि भुर्दंड मालकाला? भावना बरोबर आहे. पण जरा कायद्याने बघा कोणाच्या हातात काय आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा, जो जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात ग्राहक कोण, तर जो मोबदला देऊन सेवा घेतो तो, किंवा त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारा. बाथरूम दुरुस्ती ही सेवा आहे यावर आता वाद नाही, घरबांधणीसुद्धा सेवेत येते हे सुप्रीम कोर्टाने 1993 मध्येच लखनौ डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच्या केसमध्ये सांगितलंय. पण काकूंनी कुठे मोबदला दिला? त्यांना लाभ तरी काय झाला, तीन बादल्या पाणी? म्हणजे काकू त्या कंत्राटदाराच्या ग्राहकच नाहीत. त्यांना त्याच्यावर जायचं तर दिवाणी दावा, वकील, तारखा, आणि त्यांना तर त्याचं नावही धड माहीत नाही. पोलिसांत गेलं तर उत्तर तयार असतं, हे सिव्हिल मॅटर आहे.

ग्राहक मी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार मी करू शकतो, ती पण माझ्या राहत्या जिल्ह्यात, कंत्राटदाराचं ऑफिस कुठेही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइन करता येते, आधी ई-दाखिल नावाचं पोर्टल होतं, 2025 पासून ई-जागृती आहे. मुदत दोन वर्षं. कायद्यात लिहिलंय की साधारण तीन महिन्यांत निकाल लावावा, लागत नाही ते सगळ्यांना माहितीये, पण दार तरी उघडं आहे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर निदान समोरच्याला विचारणा तरी होते. शिवाय त्याचे शेवटचे पैसे माझ्याकडे आहेत. त्याला पुढचं काम मिळणार ते माझ्या ओळखीतून. म्हणजे कंत्राटदाराची मान धरायची तर ती फक्त मालकाला धरता येते, खालच्याला नाही, आणि तरी आपण खालच्याला सांगतो की थांब, त्याच्याकडून मिळाले की तुला देतो. ज्याच्याकडे काठी आहे त्याने वाट बघावी ना, ज्याच्याकडे नुसती बादली आहे त्याने का?

माझा एक वकील मित्र आहे, त्याला हे तावातावाने सांगितलं तर त्याने मला इंग्लंडमधली एक जुनी केस सांगितली जी म्हणे लॉच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनाच असते. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर. लँकशायरमध्ये रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने पाण्याचा तलाव बांधून घेतला, स्वतः नाही, कंत्राटदारांकडून. खोदताना खाली जुन्या खाणीची बुजलेली भुयारं लागली, कंत्राटदारांनी ती नीट बंद केली नाहीत (ओळखीचं वाटतंय ना), आणि 1860 च्या डिसेंबरमध्ये तलाव भरल्यावर पाणी त्यातून थेट फ्लेचरच्या चालू कोळसा खाणीत. रायलंड्स म्हणाला माझा काय दोष, मी तर चांगली माणसं लावली होती. 1868 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, सांगितलं, दोष असो नसो, पाणी तू आणलंस तुझ्या जागेत, ते सुटलं तर भरपाई तुझी.

मी खुश. दीडशे वर्षांपूर्वीच निकाल लागलाय म्हटलं. तर मित्राने लगेच जमिनीवर आणलं. म्हणाला 1913 ची दुसरी केस पण ऐक, मेलबर्नची, रिकर्ड्स विरुद्ध लोथियन. एका इमारतीत चौथ्या मजल्यावरचं बेसिन कोणीतरी मुद्दाम काहीबाही कोंबून तुंबवलं आणि नळ सोडून दिला, खाली दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. तिथे प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश साम्राज्यातल्या अपिलांचं लंडनमधलं कोर्ट) म्हणाली, घरात नळाचं पाणी असणं ही रोजची साधी गोष्ट आहे, तलाव बांधण्यासारखी नाही, आणि तिसऱ्याच कोणी खोडसाळपणा केला त्याला मालक जबाबदार नाही. म्हणजे कोर्टात गेलं तर दोन्ही बाजूंनी बोलायला जागा आहे, निष्काळजीपणा सिद्ध करा, कोणाचा ते सिद्ध करा, तज्ज्ञ आणा. आणि हे सगळं कशासाठी तर चाळीस-पन्नास हजारांसाठी. तेवढ्यासाठी कोणी दिवाणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि हे वरच्यालाही माहीत असतं, कंत्राटदारालाही. म्हणूनच मी म्हणतो की हे सोसायटीच्या पातळीवर, काम सुरू व्हायच्या आधी, मिटवून ठेवायला पाहिजे.

सोसायटीचे आदर्श उपविधी, म्हणजे सरकारने नमुना म्हणून दिलेले नियम, काढून बघा. पावसाचं गळणं, बाहेरचे कॉमन पाईप, ड्रेनेज लाईन, हे सोसायटीने करायचं. फ्लॅटच्या आतलं, संडास-सिंकमधलं गळणं त्या त्या सभासदाने. इथपर्यंत ठीक. पण हे झालं गळती थांबवण्याच्या खर्चाचं. खालच्याचं कपाट, पीओपी, वायरिंग, रंग, त्याचं काय, ते कोणी आणि किती दिवसांत द्यायचं, यावर कमिटी हात वर करते, "तुम्ही दोघं आपापसात बघा." आणि गंमत म्हणजे बऱ्याच सोसायट्या काम काढायच्या आधी डिपॉझिट घेतात. आमचीही घेते, दहा हजार. कशासाठी? लिफ्टच्या आरशाला तडा गेला तर, राडारोडा गेटवर पडून राहिला तर, जिन्याच्या लादीचा टवका उडाला तर. आरशाची काळजी आहे. पण ज्याच्या डोक्यावर हॅमर चालणार आहे त्या माणसाचं कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं, ते डिपॉझिट मुळात खालच्या फ्लॅटसाठी असावं. सर्वसाधारण सभेत ठराव करून, सगळ्यांना सारखं, परत मिळणारं, आणि बाथरूम किंवा किचनची फरशी फोडायची असेल तरच. काम सुरू व्हायच्या आधी खालच्याच्या घरात जाऊन छताचे, भिंतींचे फोटो काढायचे, तारखेसकट, दोघांनी ग्रुपवर टाकायचे. काम झाल्यावर एक पावसाळा नाही म्हणत मी, पण निदान दोन-तीन महिने थांबून मग डिपॉझिट परत.

फोटोंचा मुद्दा मी उगाच नाही काढत. या कल्पनेवरचा सगळ्यात खरा आक्षेप हाच आहे की खालचा माणूस जुनी ओल नवी म्हणून खपवेल. खपवतात. आमच्याच सोसायटीत पाचव्या मजल्यावरच्या एकाने वरच्याच्या किचनच्या कामाचं निमित्त करून अख्ख्या हॉलचा रंग मागितला होता, हॉल आणि किचन यांच्यामध्ये एक पॅसेज आहे तरी. आणि "ये पहले से था" हे वाक्य नेहमीच खोटं असतं असंही नाही, सत्तावीस वर्षांची आमची बिल्डिंग आहे, आतले बिडाचे पाईप किती गंजलेत ते फोडल्याशिवाय कळत नाही. मग आधी बघून ठेवा ना. काकूंच्या संडासाचं छत मी आधी बघितलं असतं तर मला तीन आठवडे त्यांच्यावर मनातल्या मनात संशय घ्यावा लागला नसता, तोही घेतला मी, आता लिहितोच आहे तर लपवून काय करू.

दुसरा आक्षेप, वरचा मालक पेन्शनर असेल, एकटी बाई असेल, कंत्राटदाराने त्यांनाच फसवलं असेल, त्यांच्यावर अजून ओझं का? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ज्याच्याकडे बाथरूमला दीड लाख आहेत त्याने त्यातले पंधरा हजार बाजूला ठेवावेत, नसतील तर टाइल जरा स्वस्तातली घ्यावी. खालची पण एकटी बाईच असू शकते आणि तिने तर काही कामच काढलेलं नाही.

आता कंत्राटदाराबद्दल, कारण त्याला नुसता चोर ठरवणं सोपं आहे आणि मी पण तेच करत होतो. आपण तीन कोटेशन घेतो आणि सगळ्यात खालचं धरतो, मग त्यातही पाच हजार कमी करायला लावतो. मग म्हणतो बिल नको, कारण बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी. मग काम चालू असताना टाइल बदलतो, शॉवरची जागा बदलतो, एक कमोड दोनदा बसवून घेतो. त्याने पैसे कुठून काढायचे? तो काढतो दिवसांमधून. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं नीट काम म्हणजे खालच्या खोलगट भागातला सगळा भराव काढून स्लॅब उघडा करायचा, साफ करायचा, भेगा भरायच्या, पाईप जिथून स्लॅबमधून जातो तिथे नीट पॅक करायचं, कोपऱ्यांना गोलाई द्यायची, केमिकलचे कोट, ते सुकू द्यायचे, आणि मग दारात आडवी वीट लावून पाणी भरून ठेवायचं, निदान चोवीस तास, खरं तर दोन-तीन दिवस, आणि खाली जाऊन बघायचं. मग विटांचा कोबा, पुन्हा पाणी, मग फरशी. यातले निम्मे दिवस कोणी काहीच करत नाही, नुसतं थांबायचं असतं. पण थांबण्याचे पैसे कोणी देत नाही आणि दुसऱ्या साइटवरून फोन येत असतात, तर थांबण्याचे दिवसच उडतात. माझ्याकडे पाणी भरून ठेवलं होतं का? ठेवलं होतं. संध्याकाळी सहाला भरलं, सकाळी नऊला सोडलं. मीच विचारलं होतं, "झालं ना, अजून किती दिवस पाहुण्यांच्या घरी आंघोळीला जायचं?" कंत्राटदाराने मान हलवली. त्याला तेच हवं होतं.

आणि शेवटी पैसे कापले जातात ते कोणाचे? त्या बिगारी पोराचे. मला नंतर प्लंबरने सांगितलं की त्याची चार दिवसांची मजुरी दिली नाही, "नुकसान केलं" म्हणून. म्हणजे ज्याने सगळ्यात कमी कमावलं त्याच्या खिशातून वसुली, आणि ती पण काकूंपर्यंत पोचली नाहीच. याचा मला जास्त राग आला.

आपल्याकडे वायरिंगच्या कामाला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, पालिकेच्या नळजोडणीला लायसन्सवाला प्लंबर लागतो. पण अख्खं बाथरूम स्लॅबपर्यंत फोडायला, भिंती पाडायला, कंत्राटदाराला असं कुठलं लायसन्स लागत नाही. एक मोबाइल नंबर आणि एक छापलेलं कार्ड बस. नवीन बिल्डिंगमध्ये तर अजून एक घोळ, रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या नियंत्रणाच्या, कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, पण तुम्ही पहिल्याच वर्षी इंटिरियरवाल्याकडून बाथरूम फोडून घेतलंत की बिल्डर म्हणायला मोकळा, वॉटरप्रूफिंग तुम्हीच तोडलं. मग इंटिरियरवाला म्हणतो मुळातच खराब होतं. सिंगापूरला सरकारी घरांच्या नवीन ब्लॉकमध्ये पहिली तीन वर्षं बाथरूमची मूळ फरशी काढायला बंदी आहे, आणि दुरुस्तीवाला त्यांच्या यादीतला लागतो. शिवाय जुन्या घरात छत गळलं तर त्यांचं गृहनिर्माण मंडळ अर्धा खर्च उचलतं आणि उरलेला वरचा-खालचा निम्मा-निम्मा. आपल्याकडे सरकार अर्धे देईल असं मी म्हणत नाही, येवढा भोळा नाही मी. पण कोण किती देणार हे तिथे आधी ठरलेलं आहे, आणि तेवढ्यानेच निम्मी भांडणं होत नसतील.

ओल आणि पोपड्यांवर एवढं काय लिहायचं असं वाटत असेल तर कल्याणचं आठवा, आमच्यापासून फार लांब नाही. 20 मे 2025, कल्याण पूर्वेतली सप्तशृंगी इमारत, चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, स्लॅब कोसळला तो खालचे स्लॅब घेत गेला, सहा जण गेले. त्याआधी 25 जुलै 2017, घाटकोपरची साईसिद्धी, तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, सतरा जण गेले. दरवेळी अख्खी इमारत पडते असं नाही, पण "आमच्या घरात आम्ही काय करतो ते आमचं बघू" हे इमारतीत खरं नसतं. माझी फरशी हे कोणाचं तरी छत आहे. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ब्रेकर लावूच देऊ नये, त्याची फी एका चांगल्या कमोडच्या किमतीपेक्षा जास्त नसते बहुतेक वेळा.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, "तू त्याच्याकडून घेशील तेव्हा घे, आधी काकूंचं करून टाक." तिने सांगितलं नसतं तर मी अजूनही लिफ्टमध्ये तेच वाक्य म्हणत असतो. दुसरा प्लंबर आणला, ट्रॅपचा जॉइंट काढून पुन्हा केला, तीन दिवस पाणी भरून ठेवलं, रोज सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जाऊन छत बघितलं. पीओपी, कपाटाचा खालचा भाग, मशीनचं झाकण, सगळं धरून साडेएकेचाळीस हजार झाले. रंग लगेच नाही लावला, भिंत नीट सुकल्याशिवाय लावला तर पुन्हा पोपडे, आणि मध्येच पाऊस सुरू झाला, म्हणून रंग दिवाळीच्या आधी लावला. पहिल्या कंत्राटदाराचे माझ्याकडे चौदा हजार बाकी होते ते दिले नाहीत, बाकीच्यासाठी नोटीस पाठवली, चॅट आणि जीपेचे स्क्रीनशॉट सगळे जमवून. बिल नव्हतं, ती माझीच हुशारी. तो अजून "बैठ के बात करते है" यावर आहे. पण आता ते भांडण माझं आणि त्याचं आहे, काकूंना त्याचा पत्ताही नाही, आणि गंमत म्हणजे भांडताना मला आता घाई नाही त्यामुळे जरा जास्त चांगलं भांडता येतंय.

डिपॉझिटचा ठराव मी सभेत मांडला. एक जण म्हणाला मग कोणी कामच काढणार नाही. दुसरा म्हणाला आपल्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत, कागद कशाला. हे म्हणणारा तोच हॉलचा रंग मागणारा होता. सेक्रेटरींनी "पुढील सभेत चर्चा" लिहून घेतलं, म्हणजे आता सप्टेंबर.

तोपर्यंत सहाव्या मजल्यावरच्यांच्या टाइल्स येऊन पडल्यात, पार्किंगमध्ये थप्पी लागलीय. कामाचा मुहूर्त सोमवारचा आहे. पाचव्या मजल्यावरच्यांना मी सांगितलंय, रविवारी सकाळी दहाला सहाव्यावाल्यांना घेऊन येतो, संडासाच्या छताचे आणि बेडरूमच्या त्या भिंतीचे फोटो काढून ठेवू, कपाट तेवढं आदल्या रात्री सरकवून ठेवा.